देवाची मर्जी आणि आपली मर्जी : वाचकांचे प्रश्न

देवाच्या इच्छेने चालायचं ठरवलं, तर माणसाचं स्वातंत्र्य उरतं का? मागच्या अंकात हा विषय दिला होता. आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. लांब पत्रं आखूड केली आहेत. नावं गाळून फक्त गाव किंवा वस्ती ठेवली आहे.

प्रश्न : गीतेच्या अठराव्या अध्यायात ६१व्या श्लोकात म्हटलं आहे, की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून यंत्रावर चढवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो. दोनच श्लोक पुढे तोच अर्जुनाला सांगतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’. फिरवणारा तूच, आणि वर ‘तुला वाटेल ते कर’? ही थट्टा झाली. — धरमपेठ

उत्तर : ६१वा श्लोक एकटा वाचला तर थट्टाच वाटते. तो ५९व्यापासून वाचावा. ‘लढणार नाही’ असं अहंकाराने ठरवशील तर तो निश्चय टिकणार नाही, तुझी प्रकृतीच तुला लढायला लावेल, असं ५९वा सांगतो. स्वतःच्या स्वभावातून आलेल्या कर्माने तू बांधलेला आहेस, असं ६०वा सांगतो. म्हणजे जे यंत्र फिरतं आहे ते माणसाने स्वतःच सवयीसवयीने जोडलेलं आहे. पाचव्या अध्यायाचा १४वा श्लोक तर स्पष्टच म्हणतो, की प्रभू लोकांचं कर्तृत्वही निर्माण करत नाही आणि कर्मंही नाही, स्वभाव चालतो. फिरवणं आहे, पण मनात येईल तशी कळ दाबणं नाही.

६३व्याचा अर्धा भाग बहुतेक लोक गाळूनच सांगतात. ‘यथेच्छसि’च्या आधी ‘विमृश्यैतदशेषेण’ आहे : हे सगळं काही बाकी न ठेवता तपासून घे, मग कर. अर्जुनाचं उत्तर ७३व्यात येतं आणि त्याचा क्रम बघण्यासारखा आहे. मोह गेला, स्मृती परत आली, शंका फिटली, आणि मग ‘करिष्ये वचनं तव’. आज्ञा पाळणं शेवटी आलं. पहिल्याच अध्यायात तो निमूट ऐकता, तर पुढचे सतरा अध्याय लागलेच नसते.

वेदान्तात हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या, म्हणजे उपनिषदांचा अर्थ लावणाऱ्या मूळ सूत्रग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात (भागात) येतो. ३३वं सूत्र जीवाला कर्ता ठरवतं. कारण साधं आहे : तो कर्ता नसेल तर ‘हे कर, ते करू नको’ असं सांगणाऱ्या शास्त्राला अर्थ राहत नाही. ४१वं सूत्र म्हणतं, हे कर्तेपण ईश्वराकडून आलेलं आहे. मग घोटाळा होणारच. तो सोडवायला ४२वं आहे : ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाकडे बघूनच त्याला पुढे चालवतो, नाहीतर विधी आणि निषेध फुकट जातील. शंकराचार्य इथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या रानावर सारखा पडतो. काय उगवेल ते बियाण्यावर ठरतं. रामानुजाचार्यांचा दाखला आम्हाला जास्त नेमका वाटतो, कारण तो व्यवहारातला आहे. दोघांच्या सामाईक मालमत्तेतलं काही द्यायचं तर दुसऱ्याची संमती लागते. पण देण्याचं मनात आणलं एकाने, दिलं त्याने, म्हणून फळही त्यालाच. जीवाचा पहिला प्रयत्न त्याचा स्वतःचा, ईश्वराची त्याला अनुमती.

यावर एक आक्षेप उरतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आजचा प्रयत्न कालच्या स्वभावातून, कालचा परवाच्या. मग सुरुवात कुणाची? दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच पादात सूत्रकारांनी उत्तर दिलं आहे : संसार अनादी आहे, सुरुवात नाहीच. तर्कात हे बसतं. पण आमच्या मते याने प्रश्न मागे मागे सरकतो, मिटत नाही. देवावर पक्षपाताचा आरोप येऊ नये एवढं काम मात्र त्याने नक्की होतं, आणि सूत्रकारांना तिथे तेवढंच हवं होतं.

प्रश्न : मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक आहे. मग मी दुसरं काही करूच शकत नाही, हो ना? — प्रतापनगर

उत्तर : ‘दुसरं करणार नाही’ आणि ‘दुसरं करू शकत नाही’ या दोन गोष्टी इथे एक झाल्या आहेत. ठाऊक असण्याने काही घडत नसतं. सहाव्या शतकात तुरुंगात मृत्युदंडाची वाट बघत असलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने यावर असं उत्तर दिलं : देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही, सगळा काळ त्याच्यासमोर एकदमच आहे. समोर बसलेला माणूस मला दिसतो म्हणून तो बसला, असं होत नाही. तसंच देवाचं बघणं. हे उत्तर काळाबाहेरचा देव मानणाऱ्यालाच पुरतं. ज्यांचा देव आज बोलतो, उद्या रागावतो, परवा प्रसन्न होतो, त्यांना ते लागू करता येत नाही. लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १५८८ मध्ये आणखी एक पायरी घातली : कोणत्या परिस्थितीत कोणता माणूस स्वतःहून काय निवडेल, हेही देवाला कळतं, आणि ते जमेस धरून तो जगाची मांडणी करतो. यावरून कॅथलिक पंडितांमध्ये इतकं पेटलं, की शेवटी पोपने एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली. वाद तसाच राहिला.

प्रश्न : काटोलकडे सहा एकर संत्रा आहे. अंबिया बहाराची फळगळ दरसालची. घरचे मोठे म्हणतात, ‘त्याच्या मनात असेल तेवढंच हाती लागेल, कायले जीव टांगतो?’ मग फवारणीवर एवढा पैसा कशाला घालायचा? — काटोल

उत्तर : गीता १८.१४ मध्ये कोणत्याही कामाची पाच कारणं दिली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणं, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवं दैव. दैव यादीत आहे, पण शेवटी आहे आणि पाचातलं एक आहे. तुमच्या बागेवर ही यादी लावून बघा.

अधिष्ठान, म्हणजे काम जिच्या आधाराने होतं ती जागा. गीतेत ते शरीर, बागेत जमीन. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत पाणी बुंध्याशी साचलं, की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो, मुळं कुजतात आणि झाड फळं धरत नाही. यात दैव काही नाही. दुहेरी आळं करा, म्हणजे आतल्या आळ्यामुळे पाणी बुंध्याला लागत नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर बुंध्याला बोर्डो मलम लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लास्टिकच्या नाहीतर मातीच्या भांड्यात. लोखंडी घमेल्यात केलं तर मोरचुदातलं तांबं घमेल्यालाच चिकटतं आणि झाडाच्या वाट्याला कमी येतं. मलमात विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. केलेलं मलम त्याच दिवशी संपवा.

करणं आणि चेष्टा म्हणजे ठिबक, पंप, आणि वेळेवर केलेली कामं. गळ कोणत्या महिन्यात होते हे आधी लिहून काढा. फळधारणेनंतर लगेच बारीक फळं गळतात, त्यातली बरीचशी झाड स्वतःच टाकतं. तेवढं पोसण्याची त्याची ताकद नसते. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाण्याच्या पाळ्या चुकल्या तर त्यात भर पडते. पावसाळ्यात बुरशीची गळ. तोडणीच्या आधी, ऑगस्टपासून पुढे, रस शोषणारा पतंग रात्री फळाला भोक पाडतो आणि तिथून फळ सडतं. त्याची अळी बागेत नसते. ती बांधावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर वाढते. बांध साफ केला नाही, गळलेली फळं उचलून पुरली नाहीत, तर वरून कितीही फवारा, पतंग येतच राहणार. शंका असेल तर गळलेली फळं पिशवीत घालून केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा, ती नागपुरातच आहे.

आता पाचवं. गारपीट, अवेळी पाऊस, ऐन फुलोऱ्यातली एकदम वाढलेली उष्णता. हे तुमच्या हातात नाही, आणि ‘त्याची मर्जी’ हा शब्द इथेच शोभतो. तरी त्याचा फटका किती बसावा यात तुमचा हात आहेच : हवामानावर आधारित फळपीक विमा अंबियाला मिळतो, गारपिटीचं संरक्षण त्यात घेतलं आहे का ते पावतीवर बघून घ्या. विमा काढला म्हणजे देवावर भरवसा नाही, असं समजू नका. याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितलं आहे, की एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषाच्या प्रयत्नाशिवाय दैव फळत नाही.

घरचे मोठे ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हा अभंगही म्हणत असतील. तो तुकोबांचाच. ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हेही तुकोबांचंच. पहिलं हंगाम संपल्यावर म्हणा, दुसरं हंगाम सुरू होताना. उलटं म्हटलं की बाग जाते.

प्रश्न : मुलीला पुण्याची एक नोकरी आणि नागपुरातच मिहानमधली एक, अशा दोन आल्या आहेत. सासूबाई म्हणतात, टेकडी गणपतीसमोर चिठ्ठ्या टाका, देवाच्या मनात असेल ती निघेल. टाकाव्यात का? — महाल

उत्तर : चिठ्ठीला एकच काम नीट जमतं : दोन पर्याय खरोखर तोलामोलाचे उरले आणि विचार करून करून माणूस दमला, तर ती अडकलेला गाडा हलवते. त्याआधी टाकली तर ती विचाराची जागा घेते. ती कुठे फसते तेही सांगून ठेवतो. मनासारखी निघाली नाही की ‘तीनदा काढू’ होतं. चिठ्ठ्या लिहिणाराच एका बाजूचा असतो. आणि पुढे बिनसलं की दोष देवाच्या माथी. यापैकी एकही गोष्ट घडणार असेल, तर टाकू नका.

देवाची इच्छा शोधण्याच्या याहून कसून बांधलेल्या रीती आहेत. मुसलमानांमध्ये इस्तिखारा, म्हणजे निवड करताना देवाकडे भलं मागणं, आहे. आधी जाणत्यांचा सल्ला, मग दोन रकअत (नमाजाची आवर्तनं) नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज आणि ठरलेली दुआ : हे काम माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर मला त्यापासून दूर ने. त्यानंतर माणसाने पाऊल टाकायचं असतं. स्वप्न पडलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. लोक मात्र स्वप्नाची वाट बघत आठवडे घालवतात. जे मुळातच फर्ज (बंधनकारक) आहे किंवा जे हराम (निषिद्ध) आहे, त्यासाठी इस्तिखारा नसतो.

ख्रिस्ती परंपरेत जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची पद्धत १५४८ मध्ये छापून आली आणि सेमिनऱ्यांमध्ये, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांत, आजही शिकवली जाते. ती धर्म बाजूला ठेवूनही वापरता येईल इतकी व्यवहारी आहे. आधी प्रश्न एका वाक्यात लिहायचा. मग मन तराजूच्या काट्यासारखं मध्यावर आणायचं. ते होईपर्यंत पुढे जायचं नाही, आणि हीच पायरी सगळ्यांत अवघड. मग चार रकाने : हे घेतल्याचे फायदे, घेतल्याचे तोटे, न घेतल्याचे फायदे, न घेतल्याचे तोटे. शेवटचे दोन पहिल्या दोनांची उलट नक्कल वाटतात, पण लिहायला बसलं की भलतंच काही बाहेर येतं. बुद्धीला जिकडे वजन दिसेल तिकडे ठरवायचं आणि ठरलेलं देवापुढे ठेवायचं. ताळा करायला दोन युक्त्या आहेत : अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला तर काय सांगू? मरताना मागे बघून काय ठरवलेलं बरं वाटेल? आणि एक पक्का नियम : मन खचलेलं असताना, चांगल्या मनाने घेतलेला निर्णय बदलायचा नाही.

यात कुठेही माणसाला बाजूला सारून देवाने ठरवलेलं नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात ‘माळियें जेउतें नेलें, तेउतें निवांतचि गेलें’ अशा पाण्यासारखं हो, असं सांगितलं आहे. ते निर्णय टाळण्यासाठी घेऊ नका; तिथे कर्म सोडायला सांगितलेलं नाही, केल्या-न केल्याचा भार मनावर न घ्यायला सांगितलं आहे.

एक राहिलं. पत्र आईचं आहे, चिठ्ठ्यांची सूचना आजीची. नोकरी मुलीला करायची आहे. रकाने तिला भरू द्या.

प्रश्न : आम्ही ईश्वर मानत नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणून माणसाला पिढ्यानपिढ्या वाकवलं गेलं, हे तुम्ही लिहाल का? — इंदोरा

उत्तर : लिहायलाच हवं. आणि हा आक्षेप नवा नाही. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथाच्या तिकनिपात या भागात तो भगवान बुद्धांच्या तोंडी आहे. तीन मतं ते खोडून काढतात : माणूस जे भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे, सगळं ईश्वराने निर्मिल्यामुळे, आणि सगळं विनाकारण. युक्तिवाद असा : सगळं ईश्वरनिर्मित असेल, तर खून करणारा ईश्वरामुळे खुनी आणि चोर ईश्वरामुळे चोर. मग ‘हे करावं, हे करू नये’ यासाठी ना इच्छा उरते ना प्रयत्न. पहिल्या मताचं खंडनही तितकंच महत्त्वाचं आहे, कारण ‘मागल्या जन्मीचं पाप’ सांगूनच खालच्या जागा वाटल्या गेल्या. संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात सीवक या परिव्राजकाला दिलेल्या उत्तरात वेदनांची आठ कारणं सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, तिन्हींचा संयोग, ऋतुबदल, अयोग्य वागणूक, बाहेरचा आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे कर्माचं फळ.

बुद्धांचा आक्षेप आणि वर आलेलं ब्रह्मसूत्राचं ४२वं सूत्र एकाच खुंट्यावर उभे आहेत : करावं-करू नये याला अर्थ राहिला पाहिजे. तिथून दोन्ही वाटा उलट्या जातात. सूत्रकार ईश्वर ठेवतात आणि त्याला माणसाच्या प्रयत्नाशी बांधून घेतात. बुद्धांना तो ठेवण्याची गरजच वाटत नाही. ते चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हणतात. तिथेही इच्छा हवेतून येत नाही, प्रतीत्यसमुत्पादाच्या (प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उपजते, या तत्त्वाच्या) साखळीत कारणांनी येते. म्हणून कारणं बदलली की इच्छाही बदलते. शिक्षण, संगत, शील यांच्यावर भर त्यासाठीच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेनंतर दिलेल्या २२ प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. ‘मी मानणार नाही’, ‘मी पालन करीन’ : बोलणारा प्रत्येक जण स्वतःच्या नावाने बोलतो. लाखोंनी एकत्र म्हटल्या, तरी प्रत्येकाची प्रतिज्ञा वेगळी धरली जाते.

प्रश्न : मेंदू आधीच ठरवतो आणि आपल्याला मागाहून कळतं, हे लिबेटच्या प्रयोगाने सिद्ध झालं ना? मग देव असो नसो, इच्छास्वातंत्र्य गेलंच. — मेडिकल चौक

उत्तर : बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाच्या १९८३च्या प्रयोगात लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं होतं. मेंदूतला विद्युत्-चढ हालचालीच्या साधारण ०.५५ सेकंद आधी सुरू झाला. ‘आता हलवावं’ ही जाणीव सुमारे ०.२ सेकंद आधी झाल्याचं लोकांनी सांगितलं. स्वतः लिबेट यांनी स्वातंत्र्य मोडीत काढलं नव्हतं. उरलेल्या क्षणात माणूस थांबू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो चढ म्हणजे झालेला निर्णय नसून मेंदूतल्या सततच्या चढउतारांची बेरीजही असू शकते. आणि विनाकारण मनगट हलवणं कुठे, दोन नोकऱ्यांतून एक निवडणं कुठे! या प्रयोगावर एवढा डोलारा उभा करू नये.

प्रश्न : आमच्या घरातले एक जण एका महाराजांच्या नादी लागले आहेत. ‘महाराज बोलतील ती देवाची इच्छा’ म्हणून शुगरच्या गोळ्या बंद केल्या. शरणागती हीच का? — हुडकेश्वर

उत्तर : नाही. वैष्णव आगमांत (उपासनेच्या ग्रंथांत) शरणागतीची सहा अंगं मोजली आहेत : देवाला अनुकूल तेच करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाकणं, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षणकर्ता म्हणून त्याला वरणं, स्वतःला सोपवणं, आणि दैन्य. पहिली दोन सरळसरळ माणसाच्या इच्छेने करायची कामं आहेत. आणि सहाही देवाकडे वळलेली आहेत. मधल्या कुणा माणसाच्या शब्दाला त्यात जागाच नाही.

आधी गोळ्यांचं बघा. त्या एकदम बंद केल्या की साखर वाढते, आणि पहिले काही दिवस काहीच वाटत नाही. ‘बघा, बरं चाललंय’ म्हणायला तेच दिवस पुरतात. वाद घालत बसू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून कागद समोर ठेवा. वारंवार लघवी, खूप तहान, उलट्या किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. महाराजांवरची श्रद्धा सोडा, असं म्हणू नका; तिथे माणूस अडून बसतो. ‘महाराजांनी गोळ्या बंद करा असं लिहून दिलंय का?’ एवढं विचारा. बहुतेक वेळा लिहून कुणी देत नाही.

महाराष्ट्रात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, भीती घालणं, साप-कुत्रा-विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हे त्यात गुन्हे आहेत; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तुमच्या प्रकरणात तो लागेल की नाही, हे महाराजांनी नेमकं काय सांगितलं आणि काय घेतलं यावर ठरेल. म्हणून तारखा, पैसे, निरोप यांची नोंद आजपासून ठेवा. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते. या कायद्यासाठी दक्षता अधिकारी निरीक्षक दर्जाचा असतो, त्यांची भेट मागा.